छातीत पाणी झालं होतं

(खांबच्या पुढचं एक गाव. माघातली दुपार. प्रणिता मुंबईच्या एका प्रयोगशाळेत क्षयरोगावर संशोधन करते. तिचा धाकटा भाऊ साईराज अकरा दिवस पनवेलकडच्या एका हॉस्पिटलात, आयसीयूत आहे; त्याची बायको वैशाली तिथंच आहे. आज ती तिथून थेट आईकडे आली आहे. आल्यापासून तिनं घोटभर पाणीही घेतलेलं नाही, माळ्यावरची पत्र्याची पेटी तेवढी खाली ओढली आहे. आई, बायजा, ओटीवर भिजवलेले वाल सोलत बसली आहे.)

प्रणिता : आणि हे कार्ड कशाचं, आई?

बायजा : रेशनचं आसंल.

प्रणिता : रेशनचं नाही.

बायजा : मंग मतदानाचं. मला काय वाचता येतंय?

प्रणिता : यावर बाबांचं नाव आहे. सखा बाबाजी, वय बेचाळीस. आणि वर काय छापलंय, वाचू? क्षयरोग.

बायजा : छापायला त्यांचं काय जातंय. सरकारी कागद. एकच कागद छापतात नि सगळ्यांना वाटतात.

प्रणिता : आई.

बायजा : तुझ्या बापसाला पानी झालं होतं. छातीत पानी झालं होतं. रोह्याच्या दवाखान्यात टोचून काढलं, येवढी बाटली भरून. सगळ्या गावाला ठावं हाय.

प्रणिता : पाणी कशानं झालं होतं?

बायजा : भिजून. त्या वर्सी लावणीला मानूस मिळंना, एकटा आठ दिस पावसात उभा व्हता.

प्रणिता : भिजून छातीत पाणी होत नाही.

बायजा : तुमच्या मुंबईत नसंल होत.

प्रणिता : हे बघ, मी भांडायला आलेली नाही. मला डॉक्टरांनी पाठवलंय. साईराजच्या मित्राची, विशालची गाडी घेऊन आले, तो रस्त्यावर थांबलाय. तुला हायवेचं माहीत आहे, नागोठण्यालाच तास मोडतो. मला उजेडात परत पोचायचंय. म्हणून सरळ विचारते आणि तूही सरळ सांग. बाबांना टीबी होता ना?

बायजा : हळू बोल. शेजारच्या पुंडलिकची सून पडवीत बसलीय.

प्रणिता : बसू दे.

बायजा : तुला बसू दे म्हनायला काय. तू जाशील तुझ्या मुंबईला, मला हितं दिवस काढायचेत. वैशालीचं माहेर रामवाडीला. पेणात गेलं म्हंजे सगळीकडं गेलं. तिचे आईबाप म्हनतील, रोगी घरात पोर दिली.

प्रणिता : त्यांची पोर अकरा दिवस आयसीयूच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलीय. कोण काय म्हणतं याची शुद्ध तिला नाही.

बायजा : जेवते का ती?

प्रणिता : चहा पिते.

बायजा : बिरडं करते, डब्यात देते. तिला दे. सायराजला पन दे दोन घास. त्याला बिरडं म्हंजे जीव की प्राण.

प्रणिता : त्याच्या नाकात नळी आहे, आई. तो गिळत नाही.

बायजा : नळी काढली की दे.

प्रणिता : डबा राहू दे आत्ता.

बायजा : काढतील ना?

प्रणिता : ते वाल जरा बाजूला ठेव. इकडे बघ. तुला आम्ही मेंदूत ताप गेलाय एवढंच सांगितलं होतं. तो ताप म्हणजे टीबी आहे. कमरेतून सुईनं पाणी काढलं, त्यात कळलं. फुप्फुसात आहे, लिव्हरमध्ये आहे, मेंदूच्या आवरणात आहे. फोटोत नाचणी सांडल्यासारखे ठिपके दिसतात, सगळीकडे.

बायजा : त्याला कुठनं झाला? तो बिडी वढत नाय, दारू पीत नाय. कंपनीतल्या वासानं झाला आसंल. धाटावला सकाळचा वास येतो बघ, नाकात बसतो.

प्रणिता : कंपनीतून नाही. तो त्याच्या छातीत वीस वर्षं होता. बाबांकडून आला.

बायजा : वीस वर्सं आत व्हता आनि आता खोकला? कायतरीच.

प्रणिता : असंच असतं. मी काय काम करते विचारलं की तू शेजारणींना काय सांगतेस? आमची प्रणिता उंदरांना खोकला लावते.

बायजा : मंग काय सांगू? तूच तसं सांगितलंस.

प्रणिता : बरं, आज नीट सांगते. जंतू छातीत गेला म्हणून माणूस लगेच आजारी पडत नाही. शरीराच्या पेशी असतात, त्यांना राखणदार म्हण. त्या जंतूला मारू शकल्या नाहीत तर त्याच्याभोवती कडं करून बसतात. बाहेर पडू देत नाहीत. दहा वर्षं, वीस वर्षं, कित्येकांच्या तर मरेपर्यंत. माणसाला कळतही नाही. साईराजच्या छातीत त्या तशाच बसल्या होत्या.

बायजा : मंग उठल्या कशापायी?

प्रणिता : उठल्या नाहीत. मेल्या.

बायजा : कशानं?

प्रणिता : बाबा भाताच्या राखणीला बसायचे ना, डुकरांसाठी, शेतातल्या माळ्यावर? तू भाकरी घेऊन जायचीस.

बायजा : रोज. भाकरी आनि सुकटीची चटनी. चटनी नसली की तोंड फुगवायचा.

प्रणिता : एक दिवस नेली नसतीस तर?

बायजा : शिव्या घातल्या असत्या. बसला असता.

प्रणिता : आणि आठ दिवस?

बायजा : आठ दिवस उपाशी कोन बसंल गो? पडंल तरी, नायतर घरला येईल.

प्रणिता : त्याचं असंच झालं. पेशी एकमेकींना निरोप पाठवतात. सायटोकाइन म्हणतात त्याला, नाव राहू दे. जग, थांब, जागा सोडू नकोस, असा तो निरोप. तीच त्यांची भाकरी. ती पोचत राहिली तर त्या जगतात आणि जंतू कोंडलेला राहतो. पोचली नाही तर मरतात, आणि कडं फुटतं. मी नऊ वर्षं एवढंच बघतेय, कुठला निरोप किती गेला की कुठली पेशी जगते. कमी गेला तरी मरतात, फार गेला तरी मरतात. सगळं नेमकं लागतं.

बायजा : मंग सायराजची भाकर कोनी बंद केली?

प्रणिता : आपण. इंजेक्शननं.

बायजा : पाठीच्या दुखन्याच्या? तू द्यायला लावलंस ते, तुझ्यावालं इंजेक्शन?

प्रणिता : माझ्यावालंच.

बायजा : त्यानं तर पोर सरळ झाला व्हता. कंबर धरून उठायचा सकाळी, म्हाताऱ्यासारखा. बुटाची नाडी वैशाली बांधायची. कंपनीच्या गाडीत चढवायला दोघं लागायचे. आनि तीन इंजेक्शनं झाली नि गनपतीत बाल्यांच्या नाचात उभा राहिला. मी डोळ्यानं बघितलं. देवाला हात जोडले आनि तुला पन जोडले मनातनं.

प्रणिता : औषध वाईट नाही. त्याच्या मणक्यात तोच निरोप भलताच जास्त जात होता. राखणदार माजले होते, घरचंच हाड कुरतडत होते. इंजेक्शन तो निरोप अडवतं, म्हणून तो सरळ झाला. पण त्याला मणका कुठला आणि छाती कुठली कळत नाही. ते सगळीकडचाच अडवतं. छातीतल्या राखणदारांची भाकरीही त्यानंच बंद केली.

बायजा : मंग दिलं कशाला, ठावं आसून?

प्रणिता : म्हणूनच आधी विचारतात, घरात कुणाला टीबी होता का. होता म्हटलं तर पहिल्यांदा दोन-चार महिने गोळ्या देतात, आतला जंतू मारायला. मग इंजेक्शन.

बायजा : टेस्ट केली व्हती की. हातावर टोचलं, फोटो काढला. डॉक्टर म्हनाला, सगळं ठीक.

प्रणिता : फोटो स्वच्छ होता. हातावरची टेस्ट उठली नाही, कारण तीन वर्षं तो त्या दुखण्याच्या पुड्या खात होता. त्यात स्टेरॉइड होतं. त्यानं राखणदार झोपलेले, टेस्ट कशी उठणार? मग राहिलं काय, तर तोंडानं विचारणं. आणि त्यांनी तुला विचारलं.

बायजा : मला आठवत नाय.

प्रणिता : मावशी, घरात कुणाला टीबी झाला होता का, असं विचारलं. तू पदर तोंडाला लावलास आणि नाय म्हणालीस.

बायजा : नव्हताच झाला. पानी झालं होतं.

प्रणिता : आई, मी तुझ्या पाया पडते. आता ऐक. अकरा दिवस औषधं चालू आहेत आणि ताप हलत नाही. डॉक्टरांना शंका आहे, जंतू औषधाला दाद देत नाहीये. ज्याच्याकडून आला त्यानं गोळ्या मध्येच सोडल्या असतील तर असा निबर जंतू तयार होतो, आणि पुढच्याला तोच जातो. मग वेगळी औषधं लागतात. मशीनवरच्या तपासणीत काही कळलं नाही, दुसरी तपासणी चालू आहे, पण तिला आठवडे लागतात. साईराजकडे आठवडे नाहीत. मला एवढंच घेऊन जायचंय इथून. बाबांनी गोळ्या पुऱ्या घेतल्या की सोडल्या?

बायजा : कार्डावर काय लिवलंय?

प्रणिता : दोन महिने खुणा आहेत. पुढे कोरं.

बायजा : मंग तेवढंच. दोन महिने.

प्रणिता : या खुणा सगळ्या एका पेनाच्या आहेत. एका बैठकीत केल्यासारख्या. कुणी केल्या?

बायजा : ती गोळ्यावाली बाई यायची, तिनं.

प्रणिता : तिला लिहिता येत असणार. तिनं सही केली असती. या फुल्या आहेत, आई. वाकड्यातिकड्या.

बायजा : मी केल्या.

प्रणिता : का?

बायजा : ती बाई भली व्हती. तिला डोळ्यादेखत गोळी घालायची व्हती तोंडात, तसा हुकूम व्हता तिला. मी म्हटलं, बाय, तू घरी येऊ नको, लोक विचारतात. कोलाडच्या स्टँडवर भेट, मी घेऊन जाते, मी घालीन. तिनं ऐकलं. कार्ड पन माझ्याजवळ दिलं. म्हनाली, घातली की फुली कर. शेवटी तिला दाखवायचं व्हतं, तवा एका दिवशी बसून केल्या सगळ्या.

प्रणिता : आणि गोळ्या?

बायजा : पंधरा दिस घेतल्या त्यानं. खरं सांगते, पंधरा दिस नेमानं घेतल्या. पन लघवी लाल यायची. त्याला वाटलं, रगत. बाईनं सांगितलं, गोळीचा रंग हाय, घाबरायचं नाय. मी पन सांगितलं. पन तो मानसांत वावरनारा. शेतात बांधाकडं उभा राहिला की चार जनांना दिसनार. एक दिवस पुंडलिक म्हनाला, सखा, हे काय रे? त्या दिवसापासनं जी बंद केली ती बंद. मी रोज पाकिटातनं गोळी काढायचे आनि चुलीत टाकायचे.

प्रणिता : चुलीत.

बायजा : लाल धूर निघंल वाटायचं. नाय निघाला कवा.

प्रणिता : एवढं काय होतं लपवण्यासारखं? कुणाला मारलं होतं का बाबांनी?

बायजा : पुतळीचं लगीन ठरलं व्हतं. तुझ्या आत्याचं. पेणला. त्यांची मानसं यायची-जायची, कवा साडी दाखवायला, कवा तारीख धरायला. भावाला टीबी म्हटलं असतं तर उंबऱ्यातनं माघारी गेली असती. तुझी आजी म्हनाली, पानी म्हना. दवाखान्यात पानीच काढलं ना? म्हंजे खोटं पन नाय झालं. तवापासनं पानीच. मी तर विसरले पन, दुसरं काय व्हतं ते. मला कोनी झोपेत विचारलं असतं तरी पानीच आलं असतं तोंडातनं.

प्रणिता : आणि नंतर? बाबा तर खोकत होते.

बायजा : दोन वर्सांनी लागला खोकला. मंग सुटलाच नाय.

प्रणिता : किती वर्षं?

बायजा : पाच. शेवटच्या वर्सी तर पाठ टेकता येत नव्हती. सायराज उठवून बसवायचा, पाठ चोळायचा. रातभर बापसाला चिकटून. मी वरडायचे, जरा लांब झोप रे. तर म्हनायचा, मी लांब गेलो तर यांना पानी कोन देईल?

प्रणिता : पाच वर्षं. आणि एकदाही दवाखान्यात नाही.

बायजा : नेलं असतं तर त्यांनी पुन्ना कार्ड काढलं असतं.

प्रणिता : थांब, हे लिहून पाठवते डॉक्टरांना. पंधरा दिवस गोळ्या, नंतर बंद. सात वर्षांनी मृत्यू, खोकला होता. जंतू निबर असण्याची शक्यता.

बायजा : निबर काय लिवतेस, त्यांना कळंल का?

प्रणिता : दुसरा शब्द लिहिलाय. गेला मेसेज.

बायजा : आता बरा व्हईल?

प्रणिता : औषधं बदलतील.

बायजा : मी ते नाय विचारलं.

प्रणिता : माहीत आहे मला.

बायजा : आनि त्याची पोर, प्रतिक्षा? ती बारकी त्याच्या अंगावर खेळायची रोज.

प्रणिता : तिची तपासणी करायचीय. रामवाडीला तिच्या आजीला फोन करून सांगितलंय. कशासाठी ते नाही सांगितलं. न्युमोनियाची तपासणी म्हटलं.

बायजा : बघ. तू पन नाय बोललीस.

प्रणिता : नाही बोलले.

बायजा : प्रणिता, मी त्या दिवशी व्हय म्हटलं असतं तर?

प्रणिता : आई, ते नको आता.

बायजा : सांग. तुला कळतंय म्हनून विचारते. डॉक्टरला विचारलं तर तो गोड बोलंल.

प्रणिता : इंजेक्शन पुढे गेलं असतं. आधी गोळ्या दिल्या असत्या. निबर जंतूला त्या लागू पडल्या असत्या की नाही, देव जाणे. पण डॉक्टर सावध राहिले असते. दिवाळीनंतर पहिला ताप आला तेव्हाच धरलं असतं. आपण महिनाभर व्हायरल, व्हायरल करत बसलो. त्या महिन्यात अजून दोन इंजेक्शनं गेली.

बायजा : म्हंजे मीच मारला त्याला.

प्रणिता : तो आहे, आई. अजून आहे.

बायजा : तोंडानं म्हनतेस. डोळं तसं म्हनत नाय तुझं.

प्रणिता : पाणी दे जरा मला.

बायजा : घे. दम खा. मी एक विचारू? राग नको मानू.

प्रणिता : विचार.

बायजा : तू तवा घरातच व्हतीस ना?

प्रणिता : कधी?

बायजा : बापूस गोळ्या घ्यायचा तवा. पंधरा वर्सांची व्हतीस. माझे हात शेणात असायचे. पाकीट फोडून गोळी तूच द्यायचीस त्याला. त्याच्यावरचं नाव वाचायचीस, मोठ्यानं. इंग्रजीचं येड लागलं व्हतं तुला तवा, साबणाच्या कागदावरचं पन वाचायचीस.

प्रणिता : हो.

बायजा : मंग तुला कवा आठवलं नाय ते नाव?

प्रणिता : आठवलं.

बायजा : कवा?

प्रणिता : लॅबमध्ये पहिल्या वर्षी. एका बाटलीत ती लाल पूड होती, औषधाची. वजन करायला काढली आणि बोटांना लागली. धुतली तरी जाईना. बाटलीवर नाव होतं. मी ते वाचलं, मनातल्या मनात, आणि मला आपली ओटी दिसली. बाबा पितळेचा तांब्या घेऊन बसलेले. तेव्हाच कळलं.

बायजा : नऊ वर्सांमागं.

प्रणिता : नऊ वर्षांमागं. तेव्हा कळलं आणि मी काहीच केलं नाही. बाबा गेले होते. म्हटलं, आता उकरून काय करायचं. तुला विचारलं असतं तर तू रडली असतीस. आणि खरं सांगू का, मला लाज वाटली. त्या लॅबमधले सगळे टीबीवर काम करत होते आणि कुणाच्याच घरात टीबी नव्हता.

बायजा : आनि इंजेक्शनाच्या दिवशी?

प्रणिता : फॉर्म मी भरत होते. तो प्रश्न त्यात होताच. डॉक्टरांनी मला विचारलंच नाही. ते मला ओळखतात, मी याच विषयातली, त्यांना वाटलं मी काय चुकणार. त्यांनी तुला विचारलं. मी पेन धरून थांबले, तू काय म्हणतेस ते ऐकायला. तू नाय म्हणालीस. आणि मला बरं वाटलं.

बायजा : बरं वाटलं?

प्रणिता : सुटल्यासारखं वाटलं. वैशाली शेजारी बसली होती. साईराज बाहेर बाकावर आडवा पडून कण्हत होता. होय लिहिलं असतं तर त्याला अजून तीन-चार महिने तसंच कण्हावं लागलं असतं, आणि वैशालीसमोर सगळं उघडं पडलं असतं. फोटो स्वच्छ होता, टेस्ट स्वच्छ होती. मी मनाशी म्हटलं, बाबांना पाणीच झालं होतं. बघ ना. देशोदेशीच्या लोकांसमोर उभी राहून सांगते, कुठल्या निरोपानं कुठली पेशी मरते. आणि त्या दिवशी माझ्या डोक्यात आजीचाच शब्द आला. मी ‘नाही’ असं लिहिलं आणि सही केली.

बायजा : म्हंजे तुला सगळं ठावं व्हतं.

प्रणिता : हो.

बायजा : आनि मगापासनं मला दरडावून विचारतेस. टीबी व्हता ना, टीबी व्हता ना.

प्रणिता : गोळ्या चुलीत गेल्या ते माहीत नव्हतं.

बायजा : तेवढंच नव्हतं.

प्रणिता : तेवढंच. आई, मला मार. दोन थोबाडीत दे. लहानपणी द्यायचीस तशा.

बायजा : माझ्या हातात बळ नाय राहिलं. आनि कुनाकुनाला मारू? तुझ्या बापसाला मारू, त्याच्या आईला मारू, पुंडलिकला मारू? त्यानं तर नुसतं विचारलं व्हतं, हे काय रे म्हनून.

प्रणिता : अकरा दिवस मी त्याच्या खाटेपाशी उभी असते. त्याच्या आत काय चाललंय ते मला दिसतं, आई. डॉक्टरांपेक्षा जास्त दिसतं. कुठली पेशी आधी गेली असेल, कुठलं कडं कसं फुटलं असेल, सगळं ओळीनं. मी ते उंदरांत शंभरदा पाहिलंय. आणि मला त्याचं काहीएक करता येत नाही. नुसती त्याची बोटं चोळत बसते.

बायजा : हे कुनाजवळ बोललीस?

प्रणिता : नाही. वैशालीला सांगणार आहे. आज गेले की सांगते.

बायजा : कशाला?

प्रणिता : तिला कळायला नको? तिचा नवरा आहे.

बायजा : तिला कळून तो उठनार हाय?

प्रणिता : नाही.

बायजा : मंग तिला कुनाचा आधार हाय तिथं? डॉक्टर कायबाय बोलतात ते कोन समजावून सांगतं तिला? कुनाच्या खांद्यावर डोकं ठेवते?

प्रणिता : माझ्या. म्हणून तर मला सहन होत नाही. ती रात्री झोपेत माझा हात धरते.

बायजा : फोन वाजतोय तुझा.

प्रणिता : वैशालीचा आहे.

बायजा : मंग घे ना.

प्रणिता : मला नाही घेववत.

बायजा : आन इकडं. ते मोठ्यानं ऐकू येयाचं बटन दाब. हां. बोल गो, वैशाली.

वैशाली : आई? ताई कुठे आहेत?

बायजा : हाय हितंच. पानी पितेय. बोल, मी ऐकतेय.

वैशाली : डॉक्टरांना ताईंचा मेसेज मिळाला. सासऱ्यांचं कळलं. म्हणाले, औषधं लगेच बदलतो. आणि मग मला बाजूला घेतलं त्यांनी.

बायजा : काय म्हनाले?

वैशाली : डोळ्यांत बॅटरी मारून बघितली, म्हणाले. सकाळी एक बुबूळ हलत होतं, आता दोन्ही हलत नाहीत. औषध बदलतो, पण तुम्ही आशा धरून बसू नका, असं म्हणाले. घरच्यांना बोलवून घ्या म्हणाले. आई, तुम्ही पण या. ताईंसोबतच या.

बायजा : येते. गाडी उभीच हाय. लुगडं बदलते नि निघते.

वैशाली : सावकाश या. घाईत पडाल कुठे.

बायजा : तू बस खाली. उभी नको राहू.

वैशाली : बसलेय. आई, एक विचारू? सासऱ्यांना टीबी होता, तर त्या दिवशी तुम्ही का नाही बोललात? मी तुमच्या शेजारीच होते.

बायजा : तू शेजारी व्हतीस म्हनूनच नाय बोलले. वाटलं, हिला कळलं तर पोरीला घेऊन जाईल माहेरी. येवढीच अक्कल माझी. माझ्यामुळं झालं गो. तुला काय बोलायचं ते बोल मला, मी ऐकून घेते.

वैशाली : मी काय बोलू आता? बोलण्यासारखं काय राहिलंय?

बायजा : रड. रडून घे.

वैशाली : रडू पण येत नाही. आई, ताईंना माहीत होतं का हे?

प्रणिता : वैशाली, ऐक, मी...

बायजा : नाय गो. तिला कुठनं ठावं असनार? ती पेणला हॉस्टेलला व्हती शिकायला. तिला आम्ही पानी झालं म्हनूनच सांगितलं. आज मी तोंड उघडलं तवा कळलं तिला.

वैशाली : मला वाटलंच. त्यांना ठाऊक असतं तर त्यांनी हे होऊच दिलं नसतं. आई, त्यांना काही बोलू नका हां. अकरा दिवस त्यांच्या डोळ्याला डोळा नाही.

बायजा : नाय बोलत.